रविवारचा नमुना

रूरच्या काठी, पंपघरामागच्या खोलीत
मी पाणी जोखते. अठरा वर्षं झाली.
तपकिरी बाटल्या, निळी झाकणं,
आणि एक यंत्र: पाण्यात जे जे विरलंय
ते टेकड्यांच्या रांगेसारखं कागदावर काढून देणारं.

रंग नाही, वास नाही, चव नाही.
तरी गाव कळतं.
स्कॅनआधी शिरेत टोचतात ते आयोडीन
आठवडाभर चढत राहतं,
शनिवारी उतरतं, दवाखाने बंद.
जानेवारीत बर्फावर घसरलेले गुडघे येतात,
म्हणजे गुडघ्यांवर चोळलेलं मलम.
कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब,
इतक्यात मूल नको म्हणणारीची इवलीशी गोळी,
आणि कुणी गेल्यावर
संडासात रिकामं केलेलं त्याचं अख्खं कपाट.
पाणी कुठंतरी मुरतंय, असं म्हणतात.
इथे गावच पाण्यात मुरलंय.

कार्बामाझेपीनची टेकडी तेवढी हलत नाही.
जिवाणूंची टाकी, काठची वाळू,
सगळ्यांतून ती निघून येते, चिवट.
माझा भाऊ फोल्कमार ती घ्यायचा,
सकाळी दोनशे, रात्री चारशे,
फिट येऊ नये म्हणून.
त्याला जाऊन सहा वर्षं झाली.
ही त्याची नव्हे, मला कळतं.
नदी कुणासाठी एवढं थांबत नाही.
तरी त्या टोकाशी माझी पेन्सिल अडते.

मंगळवारी नेवीनचा फोन आला,
गिरणीमागच्या चाळवजा घरांतून.
सहावा महिना. पेपरात वाचलं म्हणाली.
मी नेहमीचा हिशेब सांगितला:
त्या एका गोळीएवढं पोटात जायला
रोज दोन लिटर,
साडेपाच हजार वर्षं.
ती हसली. मग म्हणाली,
"हे एकीचं झालं. सगळ्या मिळून?
आणि ज्याचं वजनच आत्ता सातशे ग्रॅम, त्याला?"

तो रकाना माझ्या तक्त्यात नाही.
"अजून कुणी नीट..." म्हणाले, आणि थांबले.
तिच्याकडे नळ चालू होता.
मसूर धूत असावी.

मला तो मासा आठवला,
सांडपाण्याच्या तोंडाशी जाळ्यात आलेला.
नर. रक्तात अंड्यांचं प्रथिन.
टोपलीत चांगला फडफडत होता.
त्रास होतोय का,
हे त्याला कोणत्या भाषेत विचारणार?

आज रविवार. आयोडीन कमी निघेल.
नळ तीन मिनिटं सोडला, बाटली भरली,
चिठ्ठीवर वेळ घातली: सहा दहा.
नेवीनचा नंबर फॉर्मच्या कोपऱ्यात तसाच आहे,
त्यावर कॉफीचा डाग.

मग त्याच नळाखाली ओंजळ धरली.
थंडगार. दात शिवशिवले.
तहान लागली होती, दुसरं काही नाही.