विषय क्रमांक सात

नगरपरिषदेच्या सभागृहाचं दार
तीन वर्षं झाली, नीट लागत नाही.
खारा वारा पिऊन फणसाच्या फळ्या फुगल्यात.
दुरुस्तीचे अठरा हजार
दर अंदाजपत्रकात येतात
आणि मार्चअखेर निघून जातात
पाहुण्यासारखे, चहासुद्धा न घेता.

मी सभेची कारकून. इतिवृत्त लिहिते.
कोण बोललं ते गाळून
काय बोलण्यात आलं ते लिहायचं,
एवढं मला बावीस वर्षांत जमलंय.

लेखापाल आजगेकर उभे राहिले.
चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
पाणीपट्टी जमा, निम्मी.
जेटीवरच्या दिव्यांचं बिल थकलेलं,
म्हणून अर्धे दिवे आपणच उतरवून ठेवलेत,
होड्या अंदाजाने लागतात.
स्मशानशेडचे पत्रे उधारीवर.
आणि घंटागाडी, गटारं, झाडलोट मिळून
चौदा माणसांचे तीन महिन्यांचे पगार.
"शिल्लक," ते म्हणाले, आणि आकडा सांगितला.
मागे कोणीतरी हसलं.
ते मी लिहिलं नाही.

मग विषय क्रमांक सात.
बंदरालगतचं मासे सुकवायचं खळं
एकोणतीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याबाबत.
नियम तसा साधा आहे. सभा सगळ्यांना खुली.
बंद करायची तर आधी उघड्यावर ठराव,
ठरावाला कारण, कारणाला अनुमोदक.
नगराध्यक्षा म्हणाल्या, कारण लिहा, लोकहित.
मी लिहिलं.
मग लोकांना बाहेर जायला सांगितलं.

लोक म्हणजे अकरा जणी.
हसीना होडेकर, रेमेतीन, तिची सून,
खवणेकरांच्या दोघी जावा,
बाकीच्या मला तोंडओळखीच्या.
सकाळीच त्या खळ्यावर जवळा पसरून आलेल्या.
त्या उठल्या. एकीने बाक पदराने पुसला.
जवळ्याचा वास मात्र उठला नाही,
त्याला बाहेर काढायचा ठराव
कोणी मांडला नव्हता.

बाबली शिपायाने दार ओढलं. लागेना.
खांदा लावला. लागेना.
शेवटी काथ्याचा सुंभ आणून
कडी खिळ्याला बांधली.
चार बोटांची फट राहिली ती राहिलीच.
मी हळूच विचारलं, काय लिहू?
"दार बंद केला असा लिवा, बाईनूं.
कितपत बंद, ता कोण इचारतलो?"

पुढचा पाऊण तास मला लिहिता येत नाही.
इथेही नाही.
एवढं मात्र सांगते, आत कोणी राक्षस नव्हता.
आजगेकरांनी ती चौदा नावं
एकेक करून वाचली,
हजेरी घेतात तशी, मध्ये थांबत.
नववं नाव रेमेतीनच्या मुलाचं होतं.
फटीपलीकडे बांगड्या वाजल्या
की मला तसं वाटलं, कोण जाणे.

मतदान हात वर करून झालं.
फटीतून आवाज जातो,
हात दिसत नाहीत.

इतिवृत्तात एक ओळ आली,
चर्चा झाली, निर्णय यथावकाश कळवण्यात येईल.
यथावकाश हा शब्द मला लिहायला आवडतो,
त्यात एक पोकळी आहे,
आख्खं खळं मावेल एवढी.

शनिवारी बाजारात हसीनाकडे गेले.
एरवी ती माप भरून वर एक मूठ टाकते,
"ही माझ्या खात्यातली," म्हणते.
ती विचारील म्हणून
घरापासून एक उत्तर घोळवत आले होते,
ते खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.
तिने काही विचारलं नाही.
माप भरलं. तळव्याने सपाट केलं.
कडेला लोंबणारे दोन-चार जवळे
निवडून परत टोपलीत टाकले.
सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.

मी ते वळणावर, पिंपळाखाली थांबून
पुन्हा मोजले.
बरोबर होते.