शाळा पलीकडे नेताना

आज लाँचमध्ये माणसं कमी, सामान जास्त.
लोखंडी कपाट, दार सुतळीनं बांधलेलं,
दोन सतरंज्या, एका पारड्याचा तराजू,
जगाचा नकाशा, गुंडाळून
युरियाच्या पिशवीत घातलेला,
आणि घंटा.
घंटा म्हणजे धरणाच्या कामावरून उरलेला
लोखंडी पट्टीचा तुकडा.

फाळके सर म्हणाले, सामान पोचलं म्हणून सही करा.
मी अंगठा पुढं केला.
कागद काय म्हणतो ते
जनाईनं वाचून दाखवलं, बोट धरून:
निवळीवाडी. पट, एक.
स… मा… यो… जन.
म्हंजे काय, मी विचारलं.
ती म्हणाली, पुस्तकात नाही आला हा शब्द.

तो एक पट म्हणजे तीच.
जनाई बाबू ढेबे, तिसरी.
कपाटाला पाठ लावून बसलीय
कपाट पाण्यात जाऊ नये म्हणून.

उद्यापासून तिची शाळा बामणोलीला.
सकाळी सातला मी येणार.
डिझेल असलं तर.
धुकं उठलं तर.
मार्चात पाणी उतरलं की लाँच काठाला लागत नाही,
मग अर्धा कोस गाळ, दप्तर डोक्यावर.
आषाढात वारं सुटलं की लाँच सोडायची नाही, वरून हुकूम.
जंगलातनं वाट आहे, तीन तासांची,
पण तिथं अस्वल आहे
आणि पास मागणारा गार्ड आहे.
बाबू म्हणतो, अस्वलाचं एक वेळ समजून घेता येतं.

उरले किती दिवस?
जनाईनं बोटांवर हिशेब केला,
हातचा एक धरला,
आणि उत्तर मला सांगितलं नाही.

आता मधोमध आलोय.
हितं खाली आमचं जुनं गाव.
माझा बा तिसरीपर्यंत शिकला
ते ह्या पाण्याच्या बुडाशी.
पाणी चढलं तेव्हा मास्तर म्हणाले होते,
दोन महिन्यांत नवी शाळा देतील.
एकवीस वर्षं लागली.
मी त्या एकवीस वर्षांतला.
वारा वाचतो, पाण्याचा रंग वाचतो,
लाँचवर रंगवलेलं माझंच नाव
चित्रासारखं ओळखतो.

फाळके सर नकाशाची पिशवी मांडीवर घेऊन
कुठंतरी बघतायत.
त्यांची बदली झाली का, विचारायचं होतं.
राहिलं.

एक लाट आडवी आली,
पट्टी कपाटावर आपटली.
ठण्ण.
परत, ठण्ण.

जनाई उठली.
हलत्या लाँचमध्ये पाय जुळवून,
हात जोडून,
डोळे मिटून उभी राहिली.
बस गं, पडशील, मी ओरडलो.
डोळे न उघडता म्हणाली,
घंटा झाली ना.

धक्का वीस मिनिटांवर होता.
मी इंजिन हळू केलं.