आठवी ओळ

सात वेळा दोनशे मीटर,
दर खेपेला आधीपेक्षा थोडं जोरात.
भिंतीला हात लागला की डोकं वर,
दोन बोटं गळ्याशी, जबड्याच्या खाली,
मी दहा सेकंद धरतो, ती ठोके मोजते.

छातीला बांधायचा पट्टा आणला होता मध्यंतरी.
सूर मारला की कमरेशी यायचा.
बोटं बरी.

सुनयना खोत. वय चौदा. कसबे डिग्रज.
पहिले दोनशे, तीन वीस. ठोके वीस.
दुसरे, तीन बारा. बावीस.
मग तेवीस, मग पंचवीस, मग सत्तावीस,
सहावे, दोन पंचेचाळीस. एकोणतीस.
ओल्या बोटांनी वहीचं पान फुगत गेलेलं
आणि टिंबं चढत चाललेली, शिडीवर हमाल चढावा तशी.

आमच्या वेळी पाठीला रिकामा डबा
आणि घाटाच्या पायरीवरून काकाचा धक्का.
चाचणी एकच:
कृष्णा ओलांडून सांगलवाडीच्या काठाला लागलास
आणि उभं राहून एक अख्खी शिवी
न तुटता देता आली,
तर दम आहे.

सातव्यात काहीच शिल्लक ठेवायचं नसतं.
तेवढं सांगून ठेवलं होतं.
तिनं भिंत धरली. दोन सेहेचाळीस.
ठोके अठ्ठावीस.

मोजायला चुकलीस, म्हटलं,
आणि तिचं मनगट मीच धरलं.
अठ्ठावीसच.

"दम राखलाय, सर."
कशाला?
"घरला जायचंय की.
धाकटा मागं बसतोय क्यारेजवर.
पुलावर वारं समोरनं असतंय."

सूत्राला वाटतं
पोहणारा भिंतीशी संपतो.
पुढं फक्त टॉवेल असतो,
फार तर केळं.

मी स्कूटर काढली, मागोमाग गेलो.
जुन्या पुलावर ती सीटवरून उठलेली,
वेणीतलं पाणी धाकट्याच्या शर्टावर,
त्यानं एका हातानं तिला धरलेलं
आणि एका हातात अर्धा पेरू.
खाली नदी उथळ, म्हशी नाकापर्यंत.
ऊसाची एक ट्रॉली तिला घासून गेली
तरी हँडल हललं नाही.

पलीकडं थांबवलं तिला.
दोन बोटं. दहा सेकंद.
सत्तावीस.

सातव्या ओळीखाली मी पट्टी न लावता रेघ मारली,
लिहिलं: सायकल. पूल. वारा समोरून.
धाकटा, अंदाजे अठरा किलो.
वेळेच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
आलेखावर हे टिंब कुठं द्यावं तेही.
आडव्या रेषेवर वेग असतो, उभीवर ठोके,
धाकट्यासाठी तिसरी रेष कुणी आखलेली नाही.

"ह्याचं बी मार्क असत्यात व्हय सर?"
एका दमात विचारलं तिनं, न तुटता.
मी पेन्सिल कानावर ठेवली.
"उशीर हुतोय," ती म्हणाली
आणि पायडलवर उभी राहिली.