तीन दहाचा ठिपका

या वसाहतीतलं पाणी एका वाटेने जात नाही.
छपरावरचं उतरतं गवताच्या चरातून तळ्यात.
आंघोळीचं, भांड्यांचं, लव्हाळ्यांच्या वाफ्यात जातं,
तिथे चार दिवस रेंगाळतं, फेस विसरतं.
आणि तिसरं, ज्याचं नाव जेवताना कुणी काढत नाही,
ते येतं माझ्याकडे.

मी त्यार्क. वेझर नदीकाठी, जुन्या ताग-गिरणीच्या जागेवर
एकशे बारा घरांच्या नळ्यांचा रात्रपाळीचा राखणदार.
इथल्या संडासाला बादली लागत नाही.
एक लिटर, फार तर.
झडप उघडते, फस्स् होतं,
बाकीचं हवाच ओढून नेते.
माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा
दार उघडून धावतच बाहेर:
"अरे, मलाही नेत होतं की ते!"

झडप उघडली की पडद्यावर एक ठिपका.
सकाळी साडेसहाला झुंबड,
सामन्याच्या मध्यंतराला दुसरी.
रात्री मात्र विरळ, चांदण्यांसारखे म्हणणार होतो,
पण राहू दे.
चाळीस नंबर, पावणेतीन: सेमेरे, बेकरीला निघालेला.
चौसष्ट नंबर, तीन दहा: ओल्टमन्सबाई, वय एक्क्याऐंशी.
घड्याळ लावून घ्यावं असा ठिपका.

एप्रिलमधल्या एका रात्री
तीन दहा झाले.
तीन वीस.
कॉफी ओतली, प्यायलो नाही.
दाब ठीक. तार ठीक.
नियम म्हणतो, ठिपके यंत्रासाठी, माणसांसाठी नव्हेत.
खाली माझी सही आहे.
तीन चाळीसला टॉर्च घेऊन निघालो.

चौसष्टचं दार नुसतं लोटलेलं. आत दिवा, माणूस नाही.
बाई सापडल्या तळ्याच्या कठड्यावर,
झोपेच्या झग्यावर ओव्हरकोट, पायात गमबूट.
"शूऽऽ," म्हणाल्या. "बेडूक."
दोन वर्षांपूर्वी इथे डांबर होतं.
बेडकांना कुणी बोलावलं, नकाशात नव्हते ते.

"पंपवाले ना तुम्ही? काय हवंय?"
खोटं सुचलं नाही. सांगितलं.
बराच वेळ बेडूकच बोलत राहिले.
मग बाई:
"म्हणजे जगात माझी वाट बघणारं कुणीतरी आहे,
आणि ते बघतंय माझ्या मूत्राशयाची वाट."
हसल्या की चिडल्या, अंधारात कळलं नाही.

"दाखवा मग, कुठे जातं ते."
नेलं. टाकीला कान लावायला सांगितला:
आत ऊब, काळोख, गायीच्या पोटासारखं रवंथ.
त्यातून वायू, वायूतून वीज,
आणि उष्णता परत त्यांच्याच खोलीच्या भिंतीत.
त्यांनी गरम नळीवर तळवा ठेवला. काढला नाही.

"इथंच होतं माझं सूतयंत्र," म्हणाल्या,
"त्या तुमच्या पंपाच्या जागी. बावीस वर्षं.
संडासला जायचं तर मुकादम घड्याळ काढायचा.
पाच मिनिटं. सहावं झालं की वहीत नाव,
शनिवारी पगारात खड्डा.
तेव्हाही कुणीतरी मोजतच होतं."

मला वाटलं होतं, मी काळजीने गेलो.
होतोही.
पण पडद्यासमोर परत बसलो तेव्हा
खुर्ची कुणा दुसऱ्याची वाटली.

कार्यालयाला पत्र लिहिलं: घरांचे नंबर पुसा,
बिघाड तेवढा कळू दे, बिऱ्हाड नको.
तीन आठवडे लागले. पुसले.
आता ठिपके बिननावाचे.
कोण जागं आहे, मला ठाऊक नाही.

फक्त तीन दहाला एक ठिपका येतो,
आणि दहा सेकंदांनी, विनाकारण,
दुसरा.

रोज एक लिटर चांगलं पाणी वाया.
वर्षाचे तीनशे पासष्ट.
इथे आम्ही थेंबाथेंबाचा हिशेब देतो.
'गळती' नावाचा रकाना माझ्यासमोर आहे,
पेनही आहे.