उशीच्या खाली

नाहा बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
गटाराचे पाइप बदलताना
फावडं टणकलं,
आणि मुकादमाने हात वर करून
सगळी यंत्रं बंद करायला लावली.
त्याला आवाजावरून कळतं म्हणे:
दगड कसा वाजतो, जुना नळ कसा,
आणि ती कशी.

अडीचशे किलोची.
शेपूट मोडलेली, नाक शाबूत.
मोजलं तर उशी नाकान्दाकारीच्या
झोपायच्या चटईखाली बरोबर,
दीड मीटरवर.

उशी हे बाईचं नाव.
तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ गाय;
धट्टीकट्टी राहावी म्हणून पूर्वी मुलींना ठेवायचे.
आपल्याला त्यात भलतंच ऐकू येतं,
त्याला माझा इलाज नाही.

रविवारी साडेनऊला
पालिकेचे लोक दारोदार.
वर्तुळ तीनशे मीटरचं. आत सहाशे घरं,
दोन दवाखाने, एक न्हावी.
मोनोरेल दोन स्टेशनं अलीकडेच थांबवलेली.
योनामिने नावाचा पोरगा यादी घेऊन म्हणाला,
'आजी, गॅस बंद केलात? खिडक्या उघड्या ठेवा,
काचा वाचतात.'
उशीने खिडक्या उघडल्या,
कौलांवरच्या मातीच्या सिंहाला म्हणाली,
'तू बस. तुझं नाव यादीत नाही.'

शाळेच्या व्यायामशाळेत निळ्या ताडपत्र्या.
तिने पिशवीतून गूळ काढला,
काळा, फोडून खडे करून आणलेला,
आणि थर्मासमधला मोगऱ्याचा चहा.
इथे सगळ्यांना सवय आहे.
कुणी पत्ते पिसतंय, कुणी फोनसाठी भोक शोधतंय,
एक बाई चिरलेल्या कारल्यांचा डबा
मांडीवर धरून बसलीय,
घरी गेल्यागेल्या परतायची म्हणून.
एकच कुटुंब नवं, ओसाकाचं.
त्यांच्या मुलीने विचारलं, 'फुटली तर?'
आणि सगळ्यांनी एकदम
चहाचे कप तोंडाला लावले.

उशी हिशेब करत होती.
त्या घरात आली तेव्हा एकवीस वर्षांची.
त्या चटईवर तीन बाळंतपणं.
वादळात छप्पर गेलं ती रात्र.
नवऱ्याचं घोरणं,
मग एका पहाटे न घोरणं.
मुलं धपाधप उड्या मारायची
तेव्हा ती ओरडायची,
'अरे हळू, खालचे जागे होतील!'
घर एकमजली. खाली कोण असणार?
थट्टाच होती ती.

आणि त्याच्याही आधी, सहा वर्षांची असताना,
कासवाच्या पाठीसारख्या कबरीत
पूर्वजांच्या हाडांचे रांजण बाजूला सारून
सगळे दाटीने बसलेले.
थोरला भाऊ जिरू पाणी आणायला बाहेर गेला.
वाटेवर पांगारा होता.
पांगारा फार फुलला की त्या साली वादळं येतात,
असं तिकडे मानतात.
त्या साली तो पेटल्यासारखा फुलला होता.
तिला फुलं आठवतात. कळशी आठवते.
जिरूचं तोंड आता आठवत नाही.

जी त्याच्यावर पडली
तिची ही जुळी असेल,
उशीच्या मनात आलं,
एकाच विमानाच्या पोटातली.
एक बोलली,
एक ऐंशी वर्षं गप्प राहिली
माझ्या पाठीशी.

तिकडे खड्ड्यात, वाळूच्या पोत्यांआड,
सार्जंट सेसोको पोटावर पडून
गंजलेला आटा सोडवत होता.
पाव वळसा. तेल. थांब.
पाव वळसा.
त्याला नाकावर खाज येत होती
आणि दोन्ही हात गुंतलेले.

अकरा वाजून बारा मिनिटांनी भोंगा झाला.
कारल्याची बाई सगळ्यात आधी उठली.

उशीने घरी येऊन खिडक्या लावल्या,
सिंहाची धूळ पुसली,
चटई होती तिथेच अंथरली.
अंगणात लोकांनी खड्डा बुजवून
वर नवी पिवळी माती चोपली होती.

दुसऱ्या दिवशी योनामिने सही घ्यायला आला.
'आता निवांत झोप लागली असेल, आजी?'
'कसली रे,' ती म्हणाली,
'रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.
खाली एकदम पोकळ वाटतं.'
आणि त्याच्या हातावर
गुळाचा खडा ठेवला.