दिवाळे, खोली क्रमांक चार

आदल्या रात्री, कागदपत्रं लावून झाल्यावर,
दिवाळे गावच्या शाळेत बाकं जोडून आडवा झालो.
खिडकीतून सुकटीचा वास. उशाशी ब्राझीलचं पुस्तक:
साम्राज्य, साल अठराशे एक्याऐंशी.
संसदेसाठी पहिल्यांदाच थेट मतदान.
अट एवढीच, उत्पन्नाचा कागद दाखवा
आणि नाव स्वतःच्या हातानं लिहा.
दहा लाखांवर मतदार होते,
उरले दीड लाख.
सम्राट सभ्य होता, खूप वाचायचा.
पानाचा कोपरा दुमडला, झोपलो.

सकाळी साडेनऊला बामीबाय आली,
कार्ड नातवाच्या डब्याच्या पिशवीत.
मी नोंदवहीवर पेन सरकवलं,
सवयीनं. मास्तर आहे मी.
तिनं पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
शिळ्या पापलेटाकडे पाहावं तसं.
"सही नाय येत. अंगठा चालंल ना?"

चालेल, म्हणालो.
चालतो, म्हणायला हवं होतं.

पॅड वाळत आलं होतं, दोनदा दाबावा लागला.
कोयत्याची जुनी चीर
रेघांमधून आडवी गेलेली,
चौकटीबाहेर जरा सांडली.

त्या बाकीच्यांना कुणी काय सांगितलं असेल,
दारात उभं करून?
पुस्तकात त्यांना अर्धी ओळ आहे.

पुठ्ठ्याआड ती बराच वेळ होती.
मागची रांग कुरकुरली.
मग यंत्र वाजलं, लांबलचक.
जाताना बोटावर फुंकर घालत तिनं विचारलं,
"ही शाई म्हावऱ्याला लागंल का रं?"

मला ठाऊक नव्हतं.