रकाना चार

डिसेंबरातला पहिला रविवार. कळव्याच्या आमच्या मंडळीत
पाळकांनी चिठ्ठी हातात दिली:
वाचन, एस्तेर साळवे. शुभवर्तमानाचं पहिलंच पान.
म्हणजे नुसती नावं.
अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका.
मागच्या बाकावर थेओफिलकाका
आधीच जांभई गिळून बसलेले.

मला नावांचं भय नाही.
आठवड्याचे पाच दिवस मी ठाण्यात, पालिकेत,
जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे असते.
रकाना चार : वडिलांचे संपूर्ण नाव.
परवा दिव्याहून एक मुलगी आली, कडेवर बाळ.
चारचा रकाना तिनं अंगठ्यानं झाकून धरलेला,
भाजल्यासारखा.
म्हटलं, राहू दे. रेघ मारते.
रेघ मारायला पट्टी लागते. ती सापडेना.

तर वाचत होते. पेरेस, हेस्रोन, अम्मीनादाब,
पुरुषांची ही लांब रांग,
आणि रांगेत मध्येच घुसलेल्या बाया.
वाटेवर तोंड झाकून बसलेली तामार.
गावकुसाच्या भिंतीत घर असलेली राहाब.
परमुलखातली रूथ, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी.
आणि एक नुसतीच उरियाची बायको.
खिडकीशी आली असती तर विचारलं असतं,
बाई, तुमचं स्वतःचं नाव?

मग अज्जूर, याखीम, एलीहूद.
यांनी काय केलं कोणाला माहीत नाही.
लेकरू झालं, नोंद झाली.
माझ्या रजिस्टरातलीच माणसं.

झाला, झाला, झाला
असं म्हणत जीभ योसेफापाशी येते
आणि क्रियापद अडतं.
तो मरीयेचा नवरा, एवढंच.
बेचाळीस पिढ्या दोर वळत आणावा
आणि विहिरीवर कळावं
की पोहरा या दोराला बांधलेलाच नाही.

तरी वाचतो आपण त्याचीच यादी.

आमची यादी चौथ्या पायरीला संपते.
पणजोबा, अपोलोस. दुष्काळात
नगरकडच्या बैलबाजारात सापडले.
मिशनच्या वहीत : मुलगा, वय अंदाजे चार,
अंगावर देवीचे वण, मागे कोणी नाही.
लिहिणाऱ्यानं विचारलं म्हणे, आडनाव काय घालू?
कोणी बोलेना.
बंगल्याचा स्वयंपाकी बाहेर आला, लाझारस,
कोपरापर्यंत पीठ.
म्हणाला, साळवे घाला. माझंच आहे.
तेवढं बोलून आत गेला, तव्यावर भाकरी होती.

वाचून खाली आले. पायऱ्यांवर
चप्पल शोधत थेओफिलकाका म्हणाले,
अज्जूर कोण होता गं?
म्हटलं, ठाऊक नाही काका.
सादोक झाला त्याला.

हं, म्हणाले. दुसरी चप्पल
अजून मिळत नव्हती.